बाईंच्या कवितेची तिसरी ओळ

घड्याळांचे डॉक्टर आणि बाकावरचे माझे उजवे शेजारी यांना डाव्या शेजाऱ्याचा सप्रेम नमस्कार.

गुडघा कसा आहे? दुकानातल्या उंच स्टुलावर चढणं सोडलंस की अजून हट्ट चालूच आहे? आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझ्या वहिनीचा खोकला गेला, पण बोलणं परत आलं. (हे वाक्य तिला दाखवू नकोस.)

तर, मी शिकायला लागलोय. नात ऑफिसात डी नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिते. म्हटलं, आपल्याला भाषेचं वेड, नवी भाषा घरात असताना उपाशी का राहायचं? तू सातवीत आपल्या बाईंवर लिहून वर्गात वाचलेली सहा ओळींची कविता येत्या रविवारी त्यांना वाचून दाखवायची आहे. ब्याण्णव वर्षं पूर्ण होतायत त्यांना. माझ्या जुन्या वहीत तिची एकुलती एक प्रत होती. ती मी कॉम्प्युटरवर उतरवली आणि ठरवलं, हिचं वृत्त यंत्राकडून तपासून घ्यावं.

पहिले दोन दिवस यंत्राने मला दारातच उभं केलं. या भाषेत वाक्य संपलं की अर्धविराम लागतो आणि मी सवयीने उभा दंड देत होतो, कवितेत देतात तसा. मग ते म्हणालं, लिहिणं म्हणजे काय ते मला माहीत नाही. नातीने सांगितलं की लिहिण्याचं सामान आधी वरच्या ओळीत मागवून घ्यावं लागतं. मला चित्रकलेचा तास आठवला. रंगपेटी घरी विसरून यायचो आणि तुझ्याकडे बघत बसायचो. (भूगोलाच्या तासालाही तुझ्याकडेच बघायचो, पण ते वहीत.) खिडकीतून तिरपं ऊन यायचं, फळ्यावरची धूळ त्यात तरंगायची... असो. नात म्हणते, आजोबा, मुद्द्यावर या.

मुद्दा असा. तुझ्या ओळींची लांबी विचारली, तर बाकीच्या निघाल्या नव्वदीत आणि तिसरी भरली चक्क शंभर. म्हटलं, घड्याळजी तिथे लंगडला वाटतं. मित्राची लाज मित्राने राखायची, म्हणून मी तिथे स्वतःची ओळ घातली: ‘घंटा-नाद दिशांत भरला, ज्ञानदीप उभा’. मोजून नव्वद. मी काही मूर्ख नाही, मूळ कवितेची आधी दुसऱ्या नावाने प्रत काढली होती, बदल फक्त प्रतीत केला. दोन्ही आपापल्या जागी साठवायला सांगितल्या आणि समाधानाने चहा घेतला.

मग उघडून बघतो तर मूळ कवितेतही ज्ञानदीप उभा! नातीला हाक मारली. तिने माझा प्रोग्राम वाचला आणि कपाळाला हात लावला.

“आजोबा, ही प्रत नाही. एकाच पाटीला तुम्ही दोन नावं दिलीत. एका नावाने पुसलं की दुसऱ्या नावाचंही पुसलं जाणार. खरी प्रत हवी तर तसं वेगळं सांगावं लागतं.”

शिवाय ती लांबी अक्षरांची नव्हतीच. यंत्र मोजतं ते अक्षरं साठवायला लागणारे बारीक तुकडे. नुसत्या ‘शाळा’ला ते बारा म्हणतं. म्हणजे तुझी ओळ धडधाकट होती आणि मी तिचा पाय कापला.

वही? ती गेल्या आठवड्यात रद्दीत गेली. तुझ्या वहिनीने तीनदा विचारलं होतं, नक्की देऊ ना? मीच ऐटीत म्हणालो, आता सगळं यंत्रात सुरक्षित आहे. तेव्हापासून मी डोळे मिटून ती ओळ शोधतोय. घंटा आठवते, पाखरं आठवतात, तुझी फाटकी बाही आठवते, पण ओळ काही येत नाही. तुला आठवत असेल तर लगेच कळव. पाच ओळींची कविता घेऊन बाईंसमोर कुठल्या तोंडाने उभे राहू?

तुझा,
डावा शेजारी

ता. क. राहिलंच. चूक कळायच्या आधी, चहा झाल्या झाल्या, माझी ‘सुधारलेली’ कविता बाईंच्या मुलीला पाठवून बसलोय. तुझ्या नावाने. तेव्हा ओळ नाही आठवली तर रविवारी ज्ञानदीप निमूट वाच. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. ता. क. पाकीट चिकटवणार तोच बाईंचा फोन आला. आवाज अजून फळ्यावरच्या खडूसारखा. म्हणाल्या, तिसरी ओळ अशी होती: ‘घंटा होता पांगलो आम्ही, बाई दारी उभ्या’. न अडखळता. मी सगळं कबूल केलं. त्यावर म्हणाल्या,

“वाचताच ओळखलं मी. हे त्याच्या डावीकडे बसणाऱ्याचं काम. त्याला धड नक्कल करणं तेव्हाही जमत नव्हतं.”