नेम पक्का असल्यामुळे जीपची चावी परत मिळण्याबाबत

मु. पाली, बीड

आदरणीय व्याही नवनाथराव यांस,

जालिंदरचा सप्रेम जय भीम. आमी समदे इकडं खुशाल हाओत. तुमची लेक राजश्री, म्हंजे आमची सूनबाई, मजेत हाय. तिकडं दिंद्रुडला तुमची, विहीणबाईंची आन् गाभण म्हशीची तब्येत कशी हाय ते कळवा. कंपाउंडच्या भिंतीचं काम कुठवर आलं तेबी कळवा. त्या दिवशी जीप भिंतीवर गेली त्यात माझी चूक न्हवती, असं मी अजूनबी म्हणतो. भिंतीला रस्त्याच्याच रंगाचा गिलावा द्यायचा कावून, हे एकदा तुमच्या गवंड्याला इचारा. (भिंत निळी होती.) तवापासून माझ्या जीपची चावी तुमच्या कपाटात हाय आन् मी घरात हाय.

घरात बसून माणूस चिडचिड करतो म्हणून राजश्रीनं माझ्या फोनात एक खेळ घालून दिला. त्यात बंदूक बसवलेली एक जीप असती. मला वाटलं, चला, आपल्या धंद्यातलं काम हाय. एसटीचं स्टेअरिंग धरण्यात माझी उमर गेली, हे तुमाला ठावं हाय. पण बघतो तर काय, त्या जीपला स्टेअरिंगच न्हाई. ब्रेक न्हाई, गेअर न्हाई, हॉर्नसुद्धा न्हाई. गाडी ठरल्या वाटेनं आपली आपण पळती, आन् आपून मागं बसून दुश्मनाच्या गाड्यांवर बोट दाबून नुसत्या गोळ्या झाडायच्या. मंग ड्रायव्हर कोण, असं मी राजश्रीला इचारलं, तर म्हणली, कुणीच न्हाई. बिनड्रायव्हरच्या गाडीत बसायला माझं मन घेईना. पहिल्याच वळणाला मी असा काही ब्रेक दाबला की पायापाशी ठेवलेली पाण्याची बादली आडवी झाली. (बादली न्हाई. कालवणाचं पातेलं.)

तरी खेळ झटपट हाय, हे मान्य केलं पायजे. चहाला उकळी फुटस्तोवर एक डाव संपतो. त्यामुळं हल्ली चहा जरा जास्त होतो. मी खेळत असलो की कौशल्या शेजारी लसूण सोलीत बसती आन् तिचं आपलं तोंड चालू असतं, की डावीकडनं ट्रक आला, वर हेलिकॉप्टर हाय, त्या लाल पिंपावर मारा. मी मारतो. मला दिसत असतंच, पण बायकोचा मान ठेवावा माणसानं. (काही दिसत न्हाई.) असं करता करता माझा नंबर गल्लीतल्या कॉलेजच्या पोरांच्या वर गेला. ती पोरं आता मला रस्त्यात वाट देतात. (ते अंगावर येतात म्हणून.)

मधी राजश्रीनं मला बीडला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलतं. त्यानं बॅटरी मारून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, आता वेळ घालवू नका, ऑपरेशन करून घ्या म्हणला. मी त्याच्यापुढं फोन धरला आन् माझा नंबर दाखवला. ज्याला उडतं हेलिकॉप्टर दिसतं त्याला उभी भिंत दिसंना व्हय? डॉक्टर गपच झाला. (तोंडावर रुमाल धरून हसत होता.)

आता खोटं कशाला बोलू, एक दिवस जरा गडबड झाली. कौशल्या बचत गटाच्या बैठकीला गेलती आन् मी एकटाच खेळायला बसलो. त्या दिवशी खेळच बिघडलेला. दुश्मन म्हणून येईना. लई वेळानं एक पांढरं काहीतरी हाललं, ते मी उडवलं, तर ती आपल्याच लोकांची ॲम्ब्युलन्स निघाली आन् डाव बंद. पुन्हा खेळलो, पुन्हा ॲम्ब्युलन्स. राजश्री दारात उभी राहून बघत होती. ती तशीच आत निघून गेली. नेट खराब होतं, दुसरं काय. (नेट चांगलं होतं. राजश्रीला इचारलं मी.)

विहीणबाईंना नमस्कार सांगा. लोभ हाय तो तसाच असू द्या.

तुमचा,
जालिंदर

ता.क. – एवढं वाचून तुमच्या ध्यानात आलंच आसंल, की माझी नजर शाबूत हाय. तवा बीडकडं येणाऱ्या कुण्या भरवशाच्या माणसाजवळ चावी देऊन टाका. ऑपरेशनचं बघू पुढं, घाई काय हाय.

ता.क. – नवनाथभाऊ, मी कौशल्या. हे पत्र ते सांगतात तसं मीच लिहिलंय, कंसातलं तेवढं माझं हाय, वाचून दाखवताना गाळलं. त्यांना आता अक्षर दिसत न्हाई. ताटातली मिरची कुठली आन् गवार कुठली, तेबी मी सांगती. चावी कुणाजवळच देऊ नका. नंबर सांगत गावभर फिरत्यात, पण परवा मी उठून जायला लागले तर पदर धरला आन् म्हणले, "कौशल्ये, पट्टी सोडल्यावरबी अंधारच निघाला तर मंग?" मला लई वाईट वाटलं भाऊ. मी पुन्हा त्यांच्या शेजारी बसले. घरात ते कुणाचं ऐकत न्हाईत. तुमी या आन् ऑपरेशनला चला म्हणा. तुमची भिंत पाडलीय, तुमाला न्हाई म्हणायला त्यांना तोंड न्हाई. येताना चावी संगं आणा, पण खिशातच ठेवा. पट्टी सुटली की पहिली तीच त्यांच्या डोळ्यापुढं धरा. माझं तोंड ते मागनं बघतील.