माझ्या आतड्यांतला स्टाफ

सोमवार, ३ मार्च
आजपासून आतडी. डॉक्टर म्हणाले, आतड्यांतले जिवाणू फायबर खाऊन ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, ते आतड्याच्या अस्तराला फार चांगलं. फायबर मात्र हळूहळू वाढवा, असंही म्हणाले. हळूहळू हे सामान्य माणसांसाठी. माझी शुक्रवारी स्टुडिओत आवाजाची टेस्ट आहे. आठशे पानी कादंबरीचं ऑडिओबुक. आतडी शांत तर मन शांत, मन शांत तर आवाज शांत. त्याच कामासाठी साडूही टेस्ट देणार आहेत. येऊ देत बिचारे.

मंगळवार, ४ मार्च
स्टाफ कामाला लावला. सकाळी ओट्स, दुपारी राजमा, रात्री उकडून फ्रिजमध्ये गार केलेले बटाटे. गार बटाट्यातला काही स्टार्च आपल्याला पचत नाही, थेट जिवाणूंच्या ताटात पडतो. ही म्हणाली, त्यांची ताटं भरा, पण आपल्याला एकाच खोलीत झोपायचंय.
रात्री पोट टम्म. प्रॉडक्शन सुरू झालेलं दिसतंय.

बुधवार, ५ मार्च
बटाटे दुप्पट. ही उशी घेऊन हॉलमध्ये गेली. खोलीत उकडतं म्हणे. खिडक्या तर तिनेच सताड उघडल्या होत्या.

गुरुवार, ६ मार्च
पोटात सारखी गुडगुड. डॉक्टरांना फोन. किती खाताय, म्हणाले. बेताचंच, म्हणालो. निम्म्यावर या, म्हणाले. ऐन कामाच्या तोंडावर स्टाफकपात कोण करतं? बाकी माणूस चांगला आहे.

शुक्रवार, ७ मार्च, दुपारी
स्टुडिओत स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येतो. श्वासाचं सोडा. रेकॉर्डिस्टने तीनदा थांबवलं. आधी विचारलं, खुर्ची सरकवली का. मग एसी बंद केला. तिसऱ्यांदा काचेपलीकडून माझ्या पोटाकडे बघत राहिला. तरी नायिकेच्या मृत्यूचं प्रकरण मी जीव ओतून वाचलं. तो टेबलावर डोकं टेकवून गदगदत होता. डोळे पुसले त्याने. काम झालं.

शनिवार, ८ मार्च
कादंबरी साडूंना मिळाली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दोन महिने आरशासमोर वाचत होतो.
संध्याकाळी रेकॉर्डिस्टचा फोन. तुम्हालाही घेतलंय म्हणाला. लहान मुलांची गोष्ट आहे, तिच्यात एक उपाशी अस्वल. त्याला संवाद नाहीत, नुसती गुहेतून गुरगुर. ती तुमच्या टेस्टमधूनच उचलली, पुन्हा यायची गरज नाही. मी विचारलं, कलाकारांत नाव येईल ना? तो काही म्हणायच्या आत हिने फोन हिसकावून घेतला आणि त्याला सांगितलं, नाव अजिबात घालू नका, आम्हाला चार लोकांत राहायचंय.