साडूची गोळी बंद झाली

४ फेब्रुवारी
स्ट्रोकपासून उजवा हात लवकर थकतो, म्हणून थोडक्यात. साडूच्या हृदयाचा ठोका आता एकदम सुरळीत. ही सकाळपासून तेच सांगतेय. मांडीतून तार घालून बेताल ठोके उठवणाऱ्या जागा जाळल्या. अॅब्लेशन. माझाही ठोका तसाच बेताल, वर स्ट्रोकही येऊन गेला. म्हणजे पेशंट म्हणून मी सीनिअर. कौतुक मात्र त्याचं.
संकल्प: अॅब्लेशन करून घेणे. साडूपेक्षा चांगलं.

९ फेब्रुवारी
हार्टचे डॉक्टर तयार झाले. पुढच्या महिन्यात. तोवर रक्त पातळ करायची गोळी सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. नंतर बंद ना, विचारलं. नाही म्हणाले. स्ट्रोक झालाय, ठोका सुधारला तरी गोळी चालूच. साडूची बंद झाली. त्याला स्ट्रोक आला नाही, हा काय त्याचा पराक्रम?

१२ फेब्रुवारी
साडू आला. लिफ्ट असताना जिन्याने. ही म्हणे, भाऊजी, चेहरा किती उजळलाय तुमचा. माझ्या चेहऱ्याकडे कोण बघतंय! गोळी बंद केल्यानेच उजळला असणार.

१३ फेब्रुवारी
विचारपूर्वक निर्णय. त्याची गोळी अॅब्लेशननंतर बंद, माझी आधीच. हिच्यासमोर गोळी गालात ठेवायची, पाणी प्यायचं, मग बेसिनवर चूळ. ही फसवणूक नव्हे. सरप्राइज आहे.

२० फेब्रुवारी
तब्येत ठणठणीत. आरशात चेहरा उजळ दिसला. बाथरूममध्ये नवी ट्यूब लावलीय, पण तिचा संबंध नाही.

६ मार्च, सकाळ
अॅडमिट. साडू माझ्याआधी हजर. सिस्टरना स्वतःच्या अॅब्लेशनची गोष्ट सांगतोय, त्याही हसताहेत. लग्न माझं, नवरदेव तो. आधी घशातून नळी घालून हृदय बघणार आहेत. बघू देत.

६ मार्च, संध्याकाळ
अॅब्लेशन रद्द. हृदयाच्या कप्प्यात रक्ताची गुठळी निघाली. तार लागून सुटली असती तर थेट मेंदूत. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. मी म्हणालो, कंपनीच हलकी असेल. त्यांनी तोच प्रश्न परत विचारला. मग सांगून टाकलं.
ही ओरडली असती तर बरं झालं असतं. बाकावर बसली आणि हळू म्हणाली, मागच्या वेळी तुम्हाला माझं नाव म्हणायला शिकवलं, आता परत नाही जमायचं मला. फार भीती वाटली. दिवसभरात पहिल्यांदा साडू डोक्यात नव्हता.

१५ मार्च
ते काही टिकलं नाही. हिचा माझ्यावर विश्वास उरला नाही, म्हणून गोळी द्यायला दोन्ही वेळा साडू येतो. त्याची चाहूल लागली की ही चहा टाकते. तो गोळी देतो, पाणी देतो, तोंड उघडायला लावतो. आज म्हणाला, जीभ वर करा. ही शेजारी उभी राहून म्हणत होती, भाऊजींना किती काळजी आहे तुमची.
जीभ वर केली.