कुंडातलं आम्ल

३ मार्च
वरच्या कुंडाचं पाणी आणखी आंबट. यंत्राने मोजलं, जिभेने नव्हे! सल्फेटही चढलंय. बाहीवर थेंब उडाला होता, धुतल्यावर तिथे भोक. ताई म्हणाली, "एवढी शिकलीस आणि कपडे पोरांसारखे फाडतेस."
तिच्या लॉजची मागची खोली सध्या माझी प्रयोगशाळा. दोरीवर तिच्या चादरी, टेबलावर माझ्या बाटल्या.

५ मार्च
भावजींनी विचारलं, हे सल्फेट येतं कुठून? लॉजचे आंघोळीचे हौद याच ज्वालामुखी डोंगराच्या गरम पाण्यावर चालतात, तेव्हा विचारणं रास्तच. सांगितलं — खालून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू येतो. हवा लागली की त्याचं पिवळं गंधक होतं. हात भाजेल अशा पाण्यात जगणारे जंतू ते गंधक खातात आणि त्याचं सल्फ्युरिक आम्ल करून सोडतात. सल्फेट म्हणजे त्या आम्लातलाच भाग.
"म्हणजे सगळा वरवरचा मामला?"
"वरवरचाच."
ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "गिऱ्हाइकांसमोर जंतू म्हणू नकोस!"

९ मार्च
सल्फेट चढतंच आहे. ऊन वाढलंय, जंतू माजले असतील. बाटल्या सरांकडे पाठवल्या. शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. मोठं यंत्र तिकडेच.

१० मार्च
ताईबरोबर चादरींच्या घड्या. बाकी काही नाही.

१६ मार्च
सरांचा फोन. गंधकाचे अणू काही हलके, काही जड. वरच्या वर वायूपासून झालं असतं, तर सल्फेट त्या वायूइतकंच हलकं निघालं असतं. निघालं जड! बरंच जड.
म्हणजे ते खोलवर होतंय. तिथल्या शिलारसातून, म्हणजे वितळलेल्या खडकातून, सल्फर डायऑक्साइड सुटतोय आणि गरम पाण्यात शिरून फुटतोय — थोड्याचा तो वासाचा वायू, बाकीच्याचं थेट आम्ल; जड अणू त्या आम्लातच जास्त जातात. हवा नको, जंतू नकोत.
"नमुना खराब झाला असेल," मी म्हटलं.
"सगळ्याच बाटल्या?" मग म्हणाले, "डोंगर फुटेलच असं यावरून ठरत नाही. पण मी असतो तर तिथे झोपलो नसतो."

१७ मार्च
ताईला सांगितलं. ती भाजी चिरत होती.
"फुटणार आहे?"
"माहीत नाही."
"मग माहीत काय आहे तुला?"
"माझं चुकलं होतं, एवढं."
भावजी उसळले. लॉज भरलेलं, हंगाम ऐन भरात. "लोकांना काय सांगू? मेहुणीचे अणू जड झाले, निघा?" मला हसूच फुटलं. बाकी कोणी हसलं नाही.
ताईने हात पुसले, वर गेली, एकेक दार ठोठावलं. "पाणी बिघडलंय. सामान आवरा." एवढंच.

१८ मार्च
खाली गावात, भावजींच्या मावशींकडे मुक्काम. डोंगरावर लॉज आमचं एकच. सरांनी सरकारी कार्यालयात कळवलं, पण तिकडे अजून नुसतंच "बघतो."

२६ मार्च
डोंगर ढिम्म. बाजारात दूधवाल्याने विचारलं, "काय मॅडम, पाणी बरं झालं का?" आजूबाजूचे फिदीफिदी हसले. भावजी माझ्याशी बोलत नाहीत. ताई बोलते, पण "मीठ दे", "दार लाव" इतकंच. तिचंही मन विटलं असणार. आणि ते बरोबरच — आठवडाभर लॉज बंद, कशाच्या जोरावर? माझ्या!
भावजींनी जेवताना जाहीर केलं, उद्या वर जाऊन लॉज उघडणार. ताईने त्यांना भात वाढला.

२७ मार्च
भावजी लॉजची किल्ली शोधत सकाळी सगळं घर उलथंपालथं करत होते, तेव्हा आवाज झाला. भांडी फळीवरून खाली. वाफ, चिखल, दगड — लॉज होतं तिथे आता काहीच दिसत नाही.
वर कोणी नव्हतं.
किल्ली दारात उभ्या ताईच्या मुठीत होती. बोटं सोडवावी लागली.