चौऱ्याण्णव पायऱ्या अन् एक ढोली

२ फेब्रुवारी, सकाळी

घरमालक येऊन गेला. त्याच्या पोराचं लग्न ठरलं, घर पाहिजे म्हणे. मार्च सरायच्या आत खाली करा. सुरेंद्र, माझा पोरगा, त्याच्यासमोर नुसती मुंडी हलवत होता. सून रीता चहा घेऊन आली, बिनसाखरेचा. तेवढं बरं केलं.

मले तर आनंदच झाला. टेकडी वार्ड म्हणजे चंद्रपुरात कोणं घर घेऊ नये अशी जागा. घरावर घर, घराच्या उरावर घर, अन् मधातून गल्ली अशी की एक बकरी आली तर दुसरीनं मागं सरावं. गाडी पाण्याच्या टाकीपाशीच थांबते. तिथून दगडाच्या अठ्ठावन्न पायऱ्या, मग बिल्डिंगीच्या छत्तीस. चौऱ्याण्णव. मागच्या मे महिन्यात राहायले आलो तेव्हा चढताना मीच मोजल्या, डोक्यावर सूप अन् टोपली होती तरी. उतरतानाच्या मोजायच्या राहिल्या.

आठ महिने झाले, तिसऱ्या माळ्यावरून उतरली नाई. पायाले माती लागली नाई. गुडघ्याचं काई कारण नाई. जूनमधी जिन्यात मी पडली नव्हती, बसली होती. लोकाईले पडलेलं अन् बसलेलं समजत नाई.

ठरवलं: घर बदलायचं सगळं मी पाहीन. या दोघाले जमणार नाई.

३ फेब्रुवारी

दोघाले समोर बसवून सांगून देल्लं. घर तळमजल्यावर पाहिजे, दार उघडलं की माती. अन् धानाची ढोली संग येईन.

रीता म्हणे, ढोली कशाले? म्हणजे पाहा. पुस महिन्यात गोंडपिपरीकडून आपल्या वावरातलं धान आलं तर हिनं निळे प्लास्टिकचे ड्रम आणून ठेवले होते. धान काय ड्रममधी राहते? त्याले श्वास लागते. मी गावातून लच्छूले बोलावलं. चौऱ्याण्णव पायऱ्या बांबूच्या कामट्या घेऊन चढला बिचारा. चार दिवस मागच्या खोलीत बसून विणली. माझ्या छातीएवढी उंच, गोल, तोंडाले जराशी बारीक. शेणमातीनं मी लिपली. शेण रीतानं खालून आणलं, नाक दाबून.

सुरेंद्र म्हणे, माय, किरायाचं घर आहे. मी म्हटलं, घर ते घर.

११ फेब्रुवारी

घर पक्कं केलं. मी केलं. नातीनं, आचलनं, तिथी जाऊन फोनमधी दाखवलं. टाकीच्या खालच्या अंगाले, तळमजला. तिले म्हटलं भिंत दाखव, दाखवली. मोरी दाखव, दाखवली. दारासमोर काय आहे? माती, आजी. चांगली दाखव. तिनं फोन पार जमिनीले लावला. काळी माती, एक चप्पल पडली होती.

म्हटलं, हेच घ्या. सुरेंद्र म्हणे, माय, रीता आठ दिवस फिरून राह्यली तुझ्यासाठी, तेव्हा भेटलं. फिरली असेल. पण ठणकावून सांगतलं कोणं?

१६ फेब्रुवारी, सकाळी सात

आजपासून पायऱ्या उतरायचा सराव. आज बारा, उद्या चोवीस, परवा छत्तीस. होळीच्या आत टाकीपर्यंत जाऊन येईन. घर बदलायच्या दिवशी सगळ्याईच्या पुढं मी चालीन, हातात देवाचा डबा.

साडेसात

दोन उतरली. दूधवाला वर येत होता. त्याले जागा पाहिजे म्हणून परत आली.

१७ फेब्रुवारी

अमावस्या. नाई उतरली.

१८ फेब्रुवारी

एक. वारा लई होता.

२० फेब्रुवारी

तीन. तिसरीवर जरा बसली. तेवढ्यात दुसऱ्या माळ्यावरची सोनीबाई पापड वाळवायले गच्चीवर चालली होती. काऊन वो गोकुळाबाई, इथी काऊन बसल्या? म्हटलं, हवा खाऊन राह्यली. जिन्यात कुठली हवा म्हणे, अन् माझ्या बाजूलेच बसली परात घेऊन. तिच्या सुनेचं सांगतलं, मग बहिणीच्या सुनेचं. मी म्हणो ही जाईन तेव्हा उठू. ती म्हणे ही उठीन तेव्हा जाऊ. दीड घंटा दोघी बसलो. पापड ओले ते ओलेच.

शेवटी सुरेंद्र दुकान सोडून आला अन् त्यानं काखेत हात घालून उठवलं. सोनीबाईनंच त्याले पदराआडून फोन लावला होता. बाई मोठी बिलंदर आहे.

सराव चांगला झाला. दोन दिवस आराम.

२३ फेब्रुवारी

आचल टेप घेऊन आली. ढोली चार फूट रुंद म्हणे, अन् खोलीचं दार अडीच. म्हटलं, टेप खोटा आहे. रीतानं मोजलं, तेवढंच. दोघी एकाच टेपनं मोजतील तर दुसरं काय निघणार?

म्हटलं, आडवी करा. आचल म्हणे, आजी, गोल आहे, कशीही केली तरी गोलच राहीन. म्हटलं, बांबू आहे, दबते. कॉलेजात बांबू शिकवत नाईत वाटते.

२४ फेब्रुवारी

लच्छूले फोन. म्हटलं, काऊन रे, विणताना दार दिसलं नाई तुले? तो म्हणे, बाई, ढोली घरातच विणत असते. आमच्या बुढ्यानं विणल्या, मी विणल्या, आजपर्यंत एकानंही बाहेर काढायची गोष्ट केली नाई. घर पडते तेव्हा ढोली निघते. अन् तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, अशी पक्की कर की हलली नाई पाहिजे?

म्हटली होती. पण म्हणून त्यानं ऐकायचं?

कापून देतो म्हणे. म्हटलं, हात लावून पाहा.

४ मार्च

धुळवड. घरचे सारे खाली. मी गॅलरीत. वरून टाकी दिसते. टाकीच्या सावलीत एक बकरी मातीत बसली होती. सकाळपासून दुपारपर्यंत बसली. कोणं तिले काई विचारलं नाई.

सराव उद्यापासून.

८ मार्च

आज जाहीर केलं. ढोली निघत नाई तोवर मीही निघत नाई. ज्याले जायचं त्यानं जावं.

मग रांधणीतलं बोलणं कानावर आलं. मी ऐकत नव्हती, पाणी प्यायले गेली होती. रीता म्हणे, ढोलीचं मी पाहते, तुमच्या मायचं तुम्ही पाहा. सुरेंद्र म्हणे, ढोलीचं नाटक आहे गं. तिले जिन्याचं भेव आहे.

भेव! मले! वाघ येऊन गेलेल्या तलावात, छातीएवढ्या पाण्यात जाळं ओढलेली बाई मी. एका टोकाले याचा बाप डोमा अन् दुसऱ्या टोकाले मी. गाठ सुटली तर बुढा माझ्यावर ओरडे. त्याच्याच गाठी सुटत, माझी एकही नाई. अन् हे पोट्टं म्हणते भेव.

पाणी न पिताच परत आली.

१२ मार्च

उपाय निघाला. आचलच्या फोनवरून मालकाले लावलं. म्हटलं, भाऊ, पूर्ण घर घ्या, फक्त मागची खोली आम्हा दोघींसाठी राहू द्या. दोघी म्हणजे ढोली अन् मी. नवी सून आली की तिले दोन गोष्टी शिकवीन, फुकटात. तो हसला अन् फोन कटला. विचार करून राह्यला असेल.

१४ मार्च

मालकाचा फोन नाई. सराव: एक. तीही वरूनच पाहिली.

१८ मार्च, दुपारी

लच्छू आला. मी बोलावला नव्हता. रीतानं बोलावला. धान आधीच ड्रममधी भरून ठेवलं होतं तिनं, निळ्या.

मी दारात उभी राहिली, म्हटलं माझ्या अंगावरून जा. तो म्हणे, बाई, अंगावरून कशाले, बाजूनं जातो. अन् गेला. लिपण पाणी मारून भिजवलं, ठोकून पाडलं. मग कोयत्यानं वरून खालपर्यंत एकच चीर देल्ली अन् चटईसारखी गुंडाळली. नव्या घरी परत उभी करून देतो म्हणे. डोक्यावर घेतली अन् गाणं गुणगुणत उतरून गेला.

वीस मिनिटं. मी तीन हप्ते भांडली, याले वीस मिनिटं लागले.

संध्याकाळी

मागच्या खोलीत फरशीवर गोल डाग आहे. आता कोणी विचारलं, काऊन थांबल्या, तर काय सांगू?

१९ मार्च, पाडवा, सकाळी नऊ

सामान उतरून राह्यलं. इतवारी अन् बुधू नावाचे दोन हमाल. कपाट पाठीवर घेऊन पळतात, जशी काई उशी. मले प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नेतो म्हणाले. म्हटलं, मी कपाट नोहो. चालत येईन. तुम्ही तुमचं पाहा.

अकरा

सगळं गेलं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवून राह्यला. मी देवाचा डबा घेऊन जिन्याच्या तोंडाशी. सुरेंद्र एका बाजूले, आचल दुसऱ्या. दोघाले दूर केलं. पाय उचलला. पायऱ्या कोणं तरी बारीक करून ठेवल्या होत्या. उचललेला पाय तसाच ठेवला, डबा या हातातून त्या हातात घेतला, मग परत पहिल्या हातात. सोनीबाई खालून पाहत होती. आज तिनं काई विचारलं नाई. ते जास्त लागलं.

रात्री, नव्या घरी

टेम्पोवाल्याचा खोळंबा होऊ नये म्हणून खुर्चीत बसली.

बुधू मले बॅगेच्या पट्ट्यानं बांधायले लागला. गाठ पाहिली अन् हसूच आलं. अशा गाठीनं म्हैस तरी राहते का? माझ्या गाठोड्यातून डोमाच्या जाळ्याची दोरी काढायले लावली. खुर्चीच्या हत्त्याले, मग कमरेले, मग परत हत्त्याले. मीच बांधली. इतवारी म्हणे, बाई, गाठ मले शिकवा. पाहू म्हटलं.

उतरताना डोळे मिटले नव्हते. मिटले असतील तर ऊन होतं. पायऱ्या मात्र मोजल्या. चौऱ्याण्णवच. देवाचा डबा मांडीवर होता, म्हणजे मी घेऊन आली असंच धरायचं.

रीता खालच्या बाजूनं खुर्चीचा पाय धरून उलटी उतरत होती, पहिलीपासून शेवटपर्यंत. तिले कोणं सांगतलं नव्हतं. खाली आल्यावर ती तिथीच पायरीवर बसली. म्हटलं, एवढी घाबरट तर धरायचं कशाले? तिनं चहा आणला. साखरेचा.

टाकीपासून घरापर्यंतही खुर्ची सोडली नाई त्याईनं. तशीच उचलून आत आणून ठेवली. मी म्हणत होती थांबा, इथी उतरवा. हमालाले घाई असते.

२२ मार्च

लच्छू ढोली उभी करायले आला. विचारते, बाई, आत विणू की बाहेर? म्हणजे पाहा याचा प्रश्न. बाहेर विणली तर आत कशी येईन? म्हटलं, आत, मधल्या खोलीत. अन् पक्की कर.

आचल टेप घेऊन दारापाशी गेली. टेप काढून घेतला. सुरेंद्र म्हणे, माय, हेही घर अकरा महिन्याचंच आहे. म्हटलं, घर ते घर.

२४ मार्च, सकाळी

रीतानं अंगणात पाणी शिंपडलं. वास घरात आला.

दाराले एक पायरी आहे. फोनमधी दिसली नव्हती. आचलले माती दाखव म्हटलं, पायरी दाखव म्हटलं नाई, अन् सांगतल्याशिवाय तिले काई सुचत नाई. वीतभर आहे. खाली लगेच माती.

आचल म्हणे, आजी, हात देऊ? म्हटलं, कॉलेजले जा. चौऱ्याण्णव उतरून आली मी. ही एक काय?

आज मंगळवार. उद्या.

२५ मार्च

पाणी परत शिंपडलं. चिखल झाला असेल. नाई उतरली.

खुर्ची उंबरठ्याच्या आतल्या अंगाले ठेवून घेतली. तीच प्लास्टिकची. इथून माती चांगली दिसते, वरच्या गॅलरीपेक्षा कितीतरी जवळून. एक बकरी आली होती. अंगणात बसली. मी तिले हाकललं नाई.

रीता झाडत होती. म्हणे, आत्याबाई, खुर्चीच्या हत्त्याले दोरी तशीच आहे, सोडून टाकू का?

म्हटलं, राहू दे. गाठ चांगली बसली आहे.