बुबूच्या डोक्यावरचा कोपरा

प्रिय ताता,

आधीच सांगते, मी घाबरले आहे. बापापाशी कसला आव आणायचा? रेडिओवर वादळाचं नाव आल्यापासून ताटातला उकडलेला कसावा तसाच पडून आहे. आम्ही जिचं घर बांधतोय ती मेरेओनी मला चिडवते, "कॉलेजात शिकतेस आणि वाऱ्याला भितेस होय?" आपलं घर कसं गेलं ते तिला काय ठाऊक.

घर मात्र छान झालंय. सगळी सुट्टी आम्ही कॉलेजची पोरं इथेच राबलो. मागच्या वादळापासून मेरेओनी, तिचं बाळ आणि तिची सासू उनाइसी बुबू, आता आम्हा सगळ्यांची आजीच, ताडपत्रीखाली राहत होती. बुबूचे पाय गेलेत. छप्पर चढायच्या आधीच ती चटईसकट एका कोपऱ्यात येऊन बसली, "आता मला इथून देवच उठवेल" म्हणाली, आणि खरंच हलली नाही. तिथूनच सगळ्यांना टोमणे. आमच्यातल्या सेमीला म्हणे, "हातोड्याचं आणि खिळ्याचं लग्न लावतोयस का रे? नुसता भोवती फिरवतोयस."

आज सकाळी हत्यारं गोळा करताना सहज वर पाहिलं आणि हातातलं हत्यार तिथेच टाकलं. छप्पर भिंतीला जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या सगळ्या वाशांना होत्या, फक्त बुबूच्या कोपऱ्यातल्या वाशांना नव्हत्या. विसरलं कुणीच नव्हतं. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर चढायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बुबू उठली की करू, असं प्रत्येकाने मनात म्हटलं, आणि तिला उठ म्हणायची छाती एकाचीही झाली नाही. ताता, आपलं छप्परही एकाच कोपऱ्यातून उचकटलं होतं. छप्पर धरून ठेवायला तू दोरीला लोंबकळत होतास, आईने मला टेबलाखाली दाबून धरलं होतं, आणि मग उचकटलेला तो पत्रा आईवर आला, ती पुन्हा उठली नाही. त्यावर आपण दोघं कधी बोललोच नाही.

मी बुबूपुढे गुडघ्यांवर बसले आणि खाली बघत सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली. "एवढे दिवस मूग गिळून बसलात? ओढा की चटई. मेलेल्या म्हातारीच्या डोक्याचा कसला मान ठेवणार होतात?" सेमीने तिला अलगद पलीकडे ओढलं आणि मी शिडीवर चढले. वारा सुटला होता. तू शिकवलंस तसेच खिळे ठोकले. काही वाकले, ते उपटून पुन्हा मारले. पट्ट्या बसल्या. पुरेशा घट्ट बसल्या की नाही, देव जाणे.

शाळेत आसरा आहे, पण वाटेतला ओढा दुथडी भरून वाहतोय, बुबूला पलीकडे नेता येत नाही, आणि मेरेओनी तिला सोडून जाणार नाही. आम्हाला परत घरी न्यायला होडी आली आहे, पण ती लहान आणि समुद्र खवळलेला, बुबूला तिच्यात नेणं शक्य नाही. पोरं चढताहेत. मेरेओनीने बाळाला पोटाशी धरून विचारलं, "लितिया, टिकेल ना गं?" मी हो म्हणून बसले. हो म्हणायचं आणि आपण होडीत चढून निघून जायचं, हे मला जमेना. तू धक्क्यावर मला शोधशील, आणि सेमी ही चिठ्ठी घेऊन एकटाच पुढे येईल. त्याला रागावू नकोस, त्याने मला हाताला धरून ओढून पाहिलं. आम्ही टेबल आतल्या भिंतीला लावलंय. आज बाळाला घेऊन मी त्याच्याखाली बसणार आहे, आई बसली होती तशी. मला फार भीती वाटतेय, ताता.

तुझीच,
लितिया