कोपेपॉड मासळी हाय का?

बा, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुला लिहायला बसलेय, तर तुझा पहिला प्रश्न आत्ताच कानात वाजतोय, "आता काय पायजे तुला?" तुझा विश्वास असा कोणावर नव्हताच. एसटीचा कंडक्टर, मिठागरावरचा मुकादम, पेणच्या बाजारातला तराजू, सगळ्यांकडे तू डोळे बारीक करून बघायचास. मी रोह्याला आत्याकडे राहून हायस्कुलात जायला लागले, तर त्यात माझी शाळाही आली. पोरीला तिथे नक्की काय शिकवतात, हे तुला कळायलाच हवं असायचं.

त्या शनिवारी मी घरी आले ती नवा शब्द घेऊनच. आई चुलीवर सुका जवळा परततेय, आम्हा दोघींसाठी. तू माळकरी, तुझं ताट वेगळं. सरांनी आपापल्या गावचं पाणी आणायला सांगितलं होतं, मी आपल्या तळ्याचं नेलं होतं. मी तोऱ्यात सांगतेय, मायक्रोस्कोपखाली त्यात इवले इवले जीव उड्या मारत होते, त्यांना कोपेपॉड म्हणतात, ग्रीक शब्द आहे, म्हणजे वल्ह्यासारखे पाय असलेला. खेकडा, कोळंबी, जवळा आणि हा, सगळे एकाच कुळातले, कवचवाले. तू तांब्या तोंडाला लावत होतास, तो तसाच खाली ठेवलास. "म्हंजे जवल्याच्या भावकीतला?" मी म्हटलं, व्हय. "आन तो आपल्या पान्यान हाय?"

झालं! आधी तुला वाटलं मी थापा मारतेय. मग वाटलं, मास्तरला तुझी माळ तोडायचीय. आईने लुगड्याचा चौपदरी तुकडा लावून पाणी गाळलं, तर तू पेला उन्हात धरून बघत बसलास. उकळून दिलं, तर म्हणालास, "मंग त कालवनच झाला!" शेवटी तू पाणीच सोडलंस. चैत्राच्या उन्हात मिठागरावर दिवसभर मीठ ओढायचास आणि तहान लागली की ताडगोळे चोखायचास. पुढच्या रविवारी मी घरी असताना बांधावरच चक्कर येऊन पडलास. चौघांनी उचलून घरी आणलं तेव्हा ओठ फाटून रक्त आलेलं होतं. मी तुझ्यावर ओरडले, एका किड्यापायी मरशील का?

आईने मला हाताला धरून मागच्या पडवीत नेलं. "किड्यापायी नाय गो. तुझ्यापायी." मी लहानपणी तापाने फणफणले होते, पेणच्या डॉक्टरने हात टेकले होते, तेव्हा तू नवस बोललास, पोर वाचली तर माळ घालीन, मासळीला शिवणार नाय. मासळी पोटात गेली की पोर जाईल, ही भीती तू एवढी वर्षं मनात धरून होतास. मला रडू आलं आणि तुझा रागही आला. असं काही आपल्या नावावर चाललंय, हे माणसाला सांगायला नको?

सोमवारी तुला एसटीत घालून रोह्याला नेलं. सरांनी तुला भिंगातून दाखवलं. तू एक डोळा मिटून बराच वेळ बघितलंस, मग भिंगाच्या खाली वाकून कुठे काही लपवलंय का तेही बघितलंस. "ह्याला कोलीन पाटीन घालून इकते का?" सर म्हणाले, नाही. "ही मासली हाय का?" सर म्हणाले, "नाही हो. शास्त्रात मासा वेगळा, हा वेगळा." तू माझ्याकडे बघितलंस, मग शाळेच्या माठाकडे गेलास आणि घटाघटा पाणी प्यायलास. पण त्या हिशोबाने जवळाही मासा नव्हे! माझ्या ओठांवर आलं होतं, सरांनी डोळे वटारले. आणि तू, अख्ख्या जगावर संशय घेणारा, तेवढंच विचारलं नाहीस. का नाही विचारलंस? तहान लागली होती, की तुलाही कळलं होतं? मला तर असाही संशय आहे, की आईने आदल्या दिवशीच आत्याकरवी सरांना निरोप धाडला होता. आता तिघंही नाहीत, कोणाला विचारू?

पुढे मी पेणच्या कॉलेजात हाच शब्द शिकवला. फळ्यावर फोड करून लिहायची, त्याची भावकी सांगायची, आणि नवस, अंगात येणं असलं काही मनात ठेवू नका, असं पोरांना ठणकावायची. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. नवस तुझा होता, जीव माझा. तू होतास तोवर तो राखणारा होता. तुझं तेरावं झालं, आईने बोंबलाचं कालवण केलं, आणि माझा हात ताटावर थांबला. माझा विश्वास नाही, बा, अजिबात नाही. पण तेव्हापासून मी मासळी खाल्लेली नाही. घरात सगळ्यांना सांगितलंय, मला अ‍ॅलर्जी आहे.